संकष्टीचा घास

लहानपणापासून मला गोष्टी वाचायचं वेड. मुलांसाठी लिहायला लागून चाळीस वर्षं झाली. माझ्या गोष्टींतली सावत्र आई नेहमी दुष्टच. सून आजारपणात गेली, वर्षानं मुलानं निकिताशी लग्न केलं. केडगावच्या घरात आज तिचा तिसरा दिवस. तिनं दुधात भाकरी कुस्करून, गूळ घालून पाच वर्षांच्या नातीपुढं वाटी ठेवली. पोरीनं ती सरकवली. "सावत्र आई विष घालती. आजीच्या गोष्टीत हाय." निकिताची मान खाली गेली. "आई, कालपासून ती माझ्या हातचं खाईना." माझी संकष्टी होती. चंद्र दिसल्याशिवाय मी आजवर अन्न घेतलं नाही. मनोमन गणपतीची क्षमा मागितली आणि वाटीतला पहिला घास मीच खाल्ला. "घे गं, गोड झालंय." नात माझ्याकडं टक लावून बघत राहिली. "थांब आजी. तू मरती का, ते बघू दे."