चार नंबरची पट्टी

मावशींचा डावा हात दुखायला लागला, तेव्हा त्याच हातात सलाईनची बाटली होती.

तातडीच्या विभागात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. एक बस उलटली होती आणि सलाईनचे सगळे स्टँड त्या जखमींकडे गेले होते. चार नंबरच्या खाटेवर जुलाब-उलट्यांनी वाळून गेलेले एक आजोबा होते, म्हातारे घड्याळजी. त्यांच्यासाठी स्टँड उरला नाही. "मावशी, आज तुम्हीच आमचा स्टँड," असं म्हणून सिस्टरने त्यांच्या हातात बाटली दिली आणि ती गेली. बाटली खाली आली की नळीत रक्त चढतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जमिनीवर निजवलेला पेशंट. पाऊल टाकायचं तर कोणाच्या तरी अंगावर.

मावशींनी बाटली उजव्या हातात घेतली. डावा हात दुखायचा थांबला नाही. मग दुखणं जबड्यात चढलं.

तेव्हा मात्र त्यांनी ते दुखणं ओळखलं. सव्वीस वर्षं त्या इथे फरशी पुसत होत्या, पेशंट ढकलत होत्या. गळा काढून रडणारा बहुधा आपल्या पायांनी घरी जातो, कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे आधी बघावं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून कळलं होतं. एकदा एक शिंपी दाढ दुखते म्हणून आला. मावशींनीच त्याला दातांच्या रांगेत बसवलं. त्याची पाळी आली तेव्हा तो बाकावर बसल्या बसल्या गेलेला होता. दाढा धड होत्या, बिघाड हृदयात होता. त्या दिवसापासून जबडा धरून येणाऱ्याला मावशी बसू देत नसत. दंडाला धरून थेट डॉक्टरांपुढे उभं करत.

आता त्यांच्या दंडाला कोण धरणार?

डॉक्टर समोरून चालले होते. "साहेब, माझा हात दुखतोय."

"तासभर बाटली धरल्यावर दुखणारच, मावशी. हात बदला."

सिस्टर आली. "सिस्टर, घाम सुटलाय बघा. मी काही आज वाचत नाही."

"ते तुम्ही रोजच म्हणता," सिस्टर हसत पुढे गेली. खरंच होतं. जड पेशंट उचलायची वेळ आली की मावशी रोज मरायच्या आणि सगळा विभाग हसायचा.

आजोबा हसले नाहीत. मावशींचा घाम त्यांच्या मनगटावर ठिबकत होता.

तेवढ्यात ईसीजीवाली मशीन ढकलत आली. आजोबांच्या हृदयाची पट्टी काढायची होती.

"आधी माझी काढ," मावशी म्हणाल्या.

"तुमचा केसपेपर कुठाय? पेपरशिवाय पट्टी काढली तर मला घरी बसवतील."

"माझ्या पेपरवर काढा," आजोबा म्हणाले. "पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत मी. बंद पडायला आलेलं कळतं मला."

ईसीजीवालीने एकदा मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पडदा ओढला. आजोबांनी मोकळ्या हाताने बाटली वर धरली. मावशी त्यांच्या पायाशी कशाबशा आडव्या झाल्या. पट्टी निघेपर्यंत आजोबांचा हात खाली आला आणि नळीत लाल रेघ चढली. मावशी उठल्या. बाटली परत त्यांच्या हातात आली.

पट्टी बघून ईसीजीवालीचा चेहरा उतरला. पट्टी चार नंबरच्या पेपरला लावून, पेपर घेऊन ती डॉक्टरांकडे पळत सुटली.

मिनिटभरात डॉक्टर आले, सिस्टर आली, ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत दोन वॉर्डबॉय आले. ईसीजीवाली मागून "साहेब, ऐका तरी" म्हणत होती, पण ती गर्दीत मागेच अडकली.

"मावशी, भिंतीला लागून उभ्या राहा. बाटली सोडू नका," डॉक्टर म्हणाले. मास्क आजोबांच्या तोंडावर बसला. "आजोबा, अजिबात हलू नका. हार्ट अटॅक आहे तुम्हाला. मोठा आहे."

आजोबांनी मास्क ओढून काढला. "माझं पोट बिघडलंय, डॉक्टर."

"पट्टी खोटं बोलत नाही, आजोबा."

मावशींची पाठ भिंतीला टेकली होती. जबडा लाकडासारखा झाला होता. बाटली मात्र डोक्याच्या वर होती.

"नाही बोलत, साहेब," त्या म्हणाल्या. "पट्टी माझी आहे. आधी ही बाटली कोणीतरी धरा."