हलवायला सोपा

"हा बघ आई, किती छान. हलवायला सोपा," मुलगा म्हणाला आणि त्याने तो डब्याएवढा स्पीकर एका हाताने उचलून दाखवला.

दुकानात शिरल्यापासून 'हलवायला सोपा' हे तिसऱ्यांदा झालं होतं आणि तिन्ही वेळा आईच्या डोक्यात तिडीक गेली होती. काल संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि शेजारच्या खोलीत मुलगा-सून दार लावून बोलत होते. "आधी तिला गाण्याचं काहीतरी घेऊन देऊ. खूश होईल. मग धाकट्याकडे राहायला जायचं हळूच सुचवू. तिची खोली रिकामी झाली की माझं ऑफिस तिथे." दार लावलं की आईला ऐकू येत नाही, असं त्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. कालपासून ती राग गिळून बसली होती.

"ते मोठे लावा," तिने भिंतीलगतच्या कमरेएवढ्या उंच जोडीकडे बोट दाखवलं. "पैसे मी देणार आहे."

"मावशी, ते जरा जाणकारांसाठी असतात," विक्रेता म्हणाला. स्वतः पन्नाशीचा, डोक्यावर औषधालाही केस नाही, आणि साठीच्या बाईला मावशी म्हणत होता. "तुम्हाला काय, सकाळी थोडी गाणी ऐकायची."

"तेवढीच ऐकायची आहेत. लावा."

त्याने एकच गाणं आधी डब्यावर लावलं, मग मोठ्या जोडीवर. डबा दणदणीत वाजला. मोठे मात्र पोकळ, पातळ. गाणारी बाई नेमकी कुठे उभी आहे तेच कळेना.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" मुलगा म्हणाला. "डबाच चांगला. फरक कळतोय ना तुला?" मग विक्रेत्याकडे वळून, आवाज खाली आणायची तसदीही न घेता, "तिला ऐकू जरा कमी येतं."

कमी! कारखान्यात साठ शिलाई मशिनं एकदम चालायची आणि कुठल्या मशीनचा टाका सुटतोय हे ती पाठमोरी उभी राहून सांगायची. सत्तावीस वर्षं सांगितलं. घरात ती हाकेला ओ देत नसे, ते ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे. ओ द्यावीशी वाटेल असं कोणी काही विचारत नव्हतं म्हणून.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "डब्याचा आवाज तुम्ही चढवला होता. दोन्ही सारखे ठेवा."

विक्रेता कसनुसा हसला. सारखा आवाज ठेवल्यावर डब्याची निम्मी ऐट उतरली. मोठे अजून पोकळच वाजत होते. आई खुर्चीतून उठली. एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. मागे येऊन मधोमध उभी राहिली.

"एकेकटा नीट गातो. दोघं मिळून गायला लागले की बाई गायब. तारा बघा."

"तारा बरोबर आहेत, मावशी. रोज इतके लोक ऐकून जातात, कोणी बोललं नाही."

"आई, उगाच कशाला? हा घेऊन टाकू ना."

"तारा बघा म्हटलं ना!"

पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. विक्रेता मुकाट्याने स्पीकरच्या मागे गुडघ्यांवर बसला, मोबाइलचा दिवा लावला आणि एकेक तार चाचपून बघितली.

"एकाच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्यात," तो शेवटी पुटपुटला. "हा हवा पुढे ढकलत होता तेव्हा तो मागे ओढत होता."

त्याने तार बदलली. या वेळी गाणारी बरोबर मधोमध आली. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. एरवी आईला किती मजा आली असती. पण तिचे कान रागाने तापले होते आणि गाण्याचा आनंदही धड घेता येत नाही, याचा तिला आणखीनच राग आला.

"मानलं बुवा!" मुलगा विक्रेत्याला म्हणाला. "आमच्या आईचे कान म्हणजे..." दोन मिनिटांपूर्वीची बहिरी आता कौतुकाची झाली होती. "पण आई, हे एवढं मोठं धूड. उद्या कुठे न्यायचं म्हटलं तर?"

"कुठे न्यायचंय?"

मुलगा डब्याची बटणं चाचपू लागला.

"सांग ना. बायकोला सांगितलंस, मला सांगायला काय जड जातंय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "आई, घरी बोलू आपण."

"घरी तुम्ही दार लावून बोलता."

विक्रेत्याला यातलं काही कळलं नाही. त्याला फक्त मोठी जोडी खपताना दिसत होती. "सर, खोली केवढी आहे?" त्याने मुलाला विचारलं.

"दहा बाय बारा," आई म्हणाली. "पलंग आहे, कपाट आहे, शिलाई मशीन आहे. त्यातलं काही हलणार नाही. मीही नाही."

"पक्कं बसवायचं तर तारा भिंतीतून न्याव्या लागतील. चार-पाच भोकं पडतील." विक्रेता अजूनही मुलाकडेच बघत होता. "चालेल ना, सर?"

मुलाने तोंड उघडलं.

"त्याला काय विचारता?" आई म्हणाली. "पाडा."