पातेल्याच्या बदल्यात

"ही कसली फॅशन? ही तर आमची जुनी बोचकी!" आत्या दुकानाच्या दारातूनच म्हणाली.

ऑफिसच्या पार्टीला साठच्या दशकातला वेश हवा होता, म्हणून पंचाहत्तरीच्या आत्यालाच मी रेट्रो कपड्यांच्या दुकानात आणलं होतं. टोकदार काडीचा गॉगल तिने नाकावर चढवला आणि लगेच काढला. नळीसारखी पँट बघून म्हणाली, "हिच्यात शिरता यायचं. बाहेर ओढायला दोन बहिणी लागायच्या."

मग ठिपक्यांच्या एका स्लीव्हलेस ब्लाउजपाशी ती थांबली आणि त्याची शिवण उलटून बघू लागली.

"अस्साच शिवला होता मी कॉलेजात, चोरून. एकदाही घातला नव्हता, तोवर आईने बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचं पातेलं घेतलं. अजून त्यातच दूध तापवते मी."

"मग घे की हा."

"हट्! माझ्याच ब्लाउजचे मी पैसे मोजू?"

मी माझी खरेदी उरकली. दुसऱ्या दिवशी बिलावरचा नंबर बघून दुकानातून फोन आला, "मॅडम, लवकर या."

गेले, तर काउंटरवर आमचं दुधाचं पातेलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. आत्याने ब्लाउज छातीशी घट्ट धरलेला.

"आजी, आम्ही खरंच भांडी घेत नाही हो!" दुकानातली मुलगी काकुळतीला आली होती.

"बोहारीणसुद्धा आधी नाहीच म्हणायची," आत्या म्हणाली आणि पदर खोचून दुकानाच्या दारातच मांडी ठोकून बसली.