बेडरूममधली हवा

प्रणयने आईच्या घरातलं हीटिंग दुरुस्त केलं. पण हे घडलंच नाही असं घरात ठरलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर हीटिंग बिघडलेलं होतं. बॉयलरच्या दाबाचा काटा दर आठवड्याला शून्यावर जाऊन लोळायचा. ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतलं काम संपलं की प्रणय ओटाहुहुला आईकडे यायचा, पाणी भरायचा. आठवड्याने पाणी पुन्हा गायब. पाणी कमी म्हणून पाइपांत हवा, हवा म्हणून आईच्या बेडरूममधला, गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर वरून थंडगार. इथपर्यंतचं निदान सोपं होतं. पाणी जातं कुठे, एवढंच राहिलं होतं.

तो घराच्या लाकडी जमिनीखाली रांगत गेला. कोळ्यांनी नवा भाडेकरू आल्यासारखं पाहिलं. खाली सगळं ठणठणीत कोरडं. पाइपांच्या प्रत्येक जोडाला त्याने टिश्यू पेपर गुंडाळले, तेही कोरडे. मागच्या दारातला कढीपत्ता तेवढा मेला होता. पण तो हीटिंगमध्ये येत नाही, म्हणून प्रणयने सोडून दिला.

ऑकलंडात शहाणी माणसं हीट पंप लावतात. बाबांनी मात्र हे जुनं घर रेडिएटर बघूनच घेतलं होतं. बाबा रोज सकाळी मिठाच्या पाण्याने अशा गुळण्या करायचे, की शेजारच्या सिओनेने एकदा कुंपणावरून विचारलं होतं, "ऑल गुड? कोणी बुडत नाहीये ना?" गुळण्या सुरू झाल्या की आई चहा टाकायची, थांबल्या की गाळायची. त्या घरात दुसरं घड्याळ नव्हतं. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले आणि चहा उतू जायला लागला. मग मध्येच कधीतरी तो पुन्हा नीट व्हायला लागला. प्रणयला वाटलं, आई सावरली.

शनिवारी त्याने वरचा स्क्रू किल्लीने सैल करून बेडरूमच्या रेडिएटरमधली सगळी हवा काढली, पाणी भरलं. रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापला. प्रणय खूश होऊन तिथेच मुक्कामाला राहिला.

रविवारी सकाळी चहा उतू गेला.

तो स्वयंपाकघरात धावला. गॅसजवळ कोणी नव्हतं. आई बेडरूममध्ये रेडिएटरपुढे मांडी घालून बसली होती. खालच्या नळातून काळं पाणी बाबांच्या तांब्यात पडत होतं, आणि वरचा स्क्रू ती किल्लीने सैल करत होती.

"आई! पाणी तू काढतेस?"

"वाया नाही घालवत. कढीपत्त्याला घालते."

"आणि ही हवा?"

"जन्मभर वॉर्डात सलाईनच्या नळीतली हवा काढली, प्रण्या. घालायला काय लागतं? आता गप्प बस जरा."

तिने स्क्रू आवळला. पंप सुरू झाला. रेडिएटर आधी नुसता खाकरला. मग त्याने मान मागे टाकल्यासारखी एक लांबलचक, खळखळती गुळणी केली. प्रणय आपोआप ताठ उभा राहिला.

आई उठली आणि तिने दुसरा चहा टाकला. तो अगदी बरोबर झाला.

बुधवारी वार्षिक सर्व्हिसिंगला माणूस यायचा होता. प्रणयने कंपनीला रीतसर लिहिलं: 'घरातील इतर सर्व रेडिएटरमधील हवा काढावी. बेडरूममधील काढू नये. सदर हवा माझे वडील कालकथित रविंद्र रामटेके यांच्या नावे असून, ती आहे त्याच आवाजात कायम राहील अशी लेखी हमी कृपया मिळावी.'