एका बाईची दुखणी

"कार्ड नाही? मग उतर खाली." ड्रायव्हरनं दारातच हात आडवा घातला. पोरगी आठ महिन्यांची गरोदर. पायरी चढतानाच तिला धाप लागली होती, आता तीच पायरी उतरायची.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फिरत्या दवाखान्यावर तिची ही पहिलीच फेरी. गाडीवर हे भलंमोठं लिहिलंय, शेतमजुरांच्या दारी आरोग्य. आणि दारी आलेल्या मजुराला आत घ्यायचं नाही. कार्डाला म्हणे कायमचा पत्ता लागतो. टोमॅटो तोडत गावोगाव फिरणाऱ्या बाईनं तो आणायचा कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

"डॉक्टर, निदान हिचं बीपी तरी बघू या."

"कार्डाशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही, सिस्टर. मी काय करू? मीही आजच आलोय. इथे दर फेरीला नवा डॉक्टर पाठवतात."

मग अक्का आली. तिला सगळे अक्काच म्हणत होते, आणि रांगेतल्या बायकांनी न सांगता वाट करून दिली. चाळिशीची, हाडाची काडं झालेली, फवारणीच्या वासापायी नाकातोंडावर फडकं बांधलेलं. तिच्याकडे कार्ड होतं. त्यावरचा फोटो घामानं पार पुसून गेला होता.

"पोटात दुखतंय. कालपासून. इथं, उजवीकडं. उलट्याही झाल्या."

डॉक्टरांनी कार्ड लावलं आणि स्क्रीनकडे बघतच राहिले. "अहो बाई, काय व्हायचं राहिलंय तुमचं? दोन वर्षांपूर्वी बाळंतपण, गेल्या वर्षी परत बाळंतपण. मध्ये हात मोडला. फवारणीची विषबाधा. वर साखरेचा आजार."

सिस्टरनंही वाकून यादी वाचली. एका जिवानं सोसायचं तरी किती? बायका वाफ्यात वाकलेल्या असताना फवारे सोडणारा तो मालक, आणि या वयात लागोपाठ दोन बाळंतपणं लादणारा तो नवरा, दोघांना समोर उभं करून चांगलं फैलावर घ्यावं असं तिला वाटलं.

"नवरा काय करतो तुमचा?" तिनं जरा तिखटपणेच विचारलं.

"जाऊन बरीच वर्षं झाली त्यांना."

सिस्टरनं जीभ चावली. मग तिच्या डोक्यात दुसरंच आलं, आणि बाहेर मजुरांच्या तंबूशी उभा राहून मिशीला पीळ देणाऱ्या मुकादमाकडे तिनं असं पाहिलं, की तो आपणहून बाजूला झाला. मेला नराधम.

गाडीत पडदा नव्हता. दाराशी माणसं उभी. डॉक्टरांनी कपड्यांवरूनच पोट दाबलं आणि हात पटकन उचलला. अक्का कळवळून दुमडली. अंगात तापही होता.

"लक्षणं सगळी अपेंडिक्सची," डॉक्टर पुटपुटले. "पण ते तर दीड वर्षापूर्वीच काढलंय. ऑपरेशन झालंय ना तुमचं?"

अक्कानं दाराबाहेर पाहिलं. बायका तिच्याकडेच बघत होत्या.

"झालंय," ती म्हणाली.

"मग गॅस असेल. नाहीतर मूतखडा. गोळ्या देतो."

"डॉक्टर, ही तापानं फणफणलीय," सिस्टर म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात पाठवू या ना."

"काय लिहून पाठवू? नसलेलं अपेंडिक्स सुजलंय म्हणून? हसतील मला. पुढच्या आठवड्यात दाखवा, बाई."

अक्का गोळ्या घेऊन दाराला धरत धरत उतरली. सिस्टरचा संताप संताप झाला. असल्या नोकरीवर पाणी सोडावं, असं क्षणभर मनात आलं. पण ती मघाची पोरगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. बीपीचं यंत्र पदराआड लपवावं तसं तिनं कोटाखाली घेतलं आणि ती गाडीच्या मागच्या अंगाला गेली.

पोरगी चाकाच्या सावलीत बसली होती. शेजारी अक्का, एका हातानं उजवी कूस गच्च दाबून. दुसऱ्या हातानं ती पोरीच्या मुठीत कार्ड कोंबत होती.

"कळा सुरू झाल्या की थेट मोठा दवाखाना गाठ. फडकं तोंडावरून काढू नकोस. नाव माझं सांग, वय माझं सांग. हे तुझं तिसरं बाळंतपण, विसरू नकोस. आणि अपेंडिक्सचं विचारलं तर काढलंय म्हण. माझ्या जावेचं काढलं, तेव्हापासून आपल्या सगळ्यांचंच काढलेलं आहे."