बिनकाट्याची बाभूळ

बाभळीचा काटा पायात मोडल्याचं निमित्त झालं. शुगरमुळं जखम चिघळली आणि कौसल्याबाईंचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. तेव्हापासून त्यांच्या नवऱ्यानं, दत्तोबांनी, काट्याशी उभं वैर धरलं. अंगणाभोवतीचं काट्यांचं कुंपणसुद्धा त्यांनी पेटवून दिलं.

निरवांगीच्या ओढ्याला एक बाभूळ होती, तिला काटाच नव्हता. तिचं बी लावलं तर रोपं काटेरीच निघाली, म्हणून दत्तोबा तिच्या फांद्या आणून लावायला लागले. पण बाभळीची फांदी कुठली मूळ धरतीय? दोन-तीन उन्हाळे नुसत्या काड्या वाळल्या. तेवढ्यात ती बाभूळही वादळात उन्मळून पडली. तिची शेवटची फांदी तेवढी कुंडीत तग धरून होती, आणि एक दिवस कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं.

दत्तोबांनी ती अंगणाच्या मधोमध लावली.

"अगं, आता राहिलेला पाय कुठंबी टाक. एक काटा लागायचा न्हाय!"

सकाळी शेजारची शेळी अंगणात उभी होती. शेवटचं पान तिच्या तोंडात होतं आणि आळ्यात नुसती उपटलेली मुळं पडली होती.



खाटेवरून कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, "अवं, एक तरी काटा ठेवायचा व्हता."