बावीस वर्षांचं शून्य

मिस्त्री शिडीवरून उतरला, हात झटकले आणि आकडा सांगितला. "तीन लाख चाळीस हजार."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कौलांतून टपकणारं तेवढं जागेवर राहिलं, खोलीच्या मधोमध ठेवलेल्या बादलीत.

गोदामात पस्तीस वर्षं आवक-जावक लिहून तो निवृत्त झाला होता. खिळासुद्धा मोजून घ्यायचा. त्याने मिस्त्रीला एकेक कलम उलगडून सांगायला लावलं. वासे कशाला? कुजलेत. पट्ट्या? वाशांवर त्याच बसतात. आढं? पाणी तिथवर पोचलंय. आणि जुनं उतरवायची मजुरी वेगळी?

"मग काय, ते आपणहून खाली येईपर्यंत थांबायचं?" मिस्त्री म्हणाला.

"अहो, पण हेच छप्पर बावीस वर्षं फुकट चाललं!" थोरल्याने पुरावा म्हणून कपाटातून वही आणली. वीज, नळ, रंग, दारं, सगळं पावतीसकट. छपराच्या रकान्यात मात्र बावीस वर्षं ओळीने शून्य. पुढे डांबराची ठिगळं लावल्याच्या पावत्या. "एक दमडी लागली नाही. आणि गेल्या आठ वर्षांतच काय धाड भरली याला?"

मिस्त्रीने वहीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "कौलारू छप्पर आणि फुकट? दर वर्षी पावसाआधी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलून परत बसवायची. शाकारणी म्हणतात त्याला. कुणीतरी करत असणार."

"धाकटा भाऊ चढायचा. रिकामटेकडा होता. एरवी सायकलवर हिंडायचा, पावसाआधी दोन-चार दिवस माकडासारखा फिरायचा वर."

"सायकलवाले?" मिस्त्री हसला. "म्हणजे हे घर त्यांचं होय! दर वर्षी आमच्याकडून पन्नास कौलं न्यायचे. सायकलवर दहा-दहा, पाच खेपा. रोख. पावती देऊ का विचारलं, की म्हणायचे, घरच्या कामाची कसली पावती?"

थोरल्याची नजर वहीवर गेली.

आठ वर्षांपूर्वी वाटणीच्या दिवशी हीच वही त्याने धाकट्यापुढे टाकली होती. त्याचा नियम साधा होता: पावती नाही, तर नोंद नाही. धाकट्याच्या नावापुढे एक ओळ नव्हती. "तू या घराला काय दिलंस, दाखव," त्याने विचारलं होतं. धाकट्याने वही उघडून पाहिली, मिटली. "वहीत नाही म्हणजे नसेल, दादा," एवढंच म्हणाला. पंचवीस हजारांवर सही करून तो बायको, दोन ट्रंका आणि सायकल घेऊन निघाला. त्या पंचवीस हजारांची पावती घ्यायला थोरला विसरला नव्हता.

"शाकारणीचं वर्षाला काय पडतं?"

"कौलं धरून आज बारा हजार. मागच्या काळात निम्मे धरा."

थोरल्याने पेन्सिल उचलली. निम्म्याने धरलं तरी बावीस वर्षांचे एक लाख बत्तीस हजार. त्याने गुणाकार पुन्हा केला. गुणाकार बरोबर होता. तीच तर पंचाईत होती.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "जा आता, भावोजींकडे पावत्या मागा," ती म्हणाली, आणि भरलेली बादली उचलून मोरीकडे गेली.

वही काखेत मारून थोरला निघाला. गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकटा भाड्याने राहतो, एवढं कानावर होतं. आठ वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. वाटेत त्याने वाक्य जुळवलं: चुकलं माझं, घरी चल. मग मनात आलं, धाकटा परत आला तर निदान मजुरी तरी वाचेल. तो रस्त्यातच थांबला. स्वतःची लाज वाटली. आकडा मात्र डोक्यातून गेला नाही. आपण माफी मागायला निघालोय की काटकसर करायला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

घर सापडलं. छपरावरची कौलं शाळेच्या रांगेसारखी, एकही इकडची तिकडे नाही. वर डोक्याला रुमाल बांधलेलं कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मानेवरचे केस पांढरे झालेले. पण कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहायची ती लकब थोरल्याने ओळखली. तीच टकटक ऐकून तो खालून दर वर्षी ओरडायचा, "बंद कर रे ते! हिशेब चुकतोय माझा!"

शिडी धरून घरमालकीण उभी होती. वयस्क बाई. "कोण हवंय?"

मी त्याचा भाऊ, असं थोरल्याला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते सवयीचं. "भाडं किती घेता यांच्याकडून?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, काखेतल्या वहीकडे पाहिलं.

"भाडं? अहो, आठ वर्षं आमचं छप्पर राखतोय तो. त्याच्याकडून भाडं घ्यायचं? माणसाला काही हिशेब असतो की नाही!"